निघोज्याच्या मुलाखतीतला तिसरा माणूस

एम.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या, शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागायचा. वर्गातल्या बहुतेकांनी सोपा रस्ता धरला. एखादं कॉलेज गाठायचं, तिथल्या मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, 'ग्रंथालयाच्या सेवेबाबत आपण समाधानी आहात का' याची उत्तरं मोजायची, रंगीत वर्तुळं काढायची आणि बांधणीला टाकायचं. मलाही तेच करायचं होतं. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी माझा विषय वाचला आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

"असले ढीगभर पडलेत कपाटात. तू राहतेस कुठे?"

"दापोडीला."

"वडील काय करतात?"

"कंपनीत होते. आधी पिंपरीत, शेवटची काही वर्षं चाकणला. आता रिटायर झालेत."

"मग त्याच पट्ट्यातली माणसं बोलती कर. कारखाने यायच्या आधी तिथं काय होतं हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांचे आवाज रेकॉर्ड कर, लिहून काढ, नोंदी कर, उद्या कुणी शोधायला आलं तर सापडतील असे ठेव. हेही आपलंच काम आहे. सगळंच काही छापून येत नाही."

घरी येऊन पप्पांना सांगितलं तर ते खूश झाले. माझ्या शिक्षणातली ही पहिलीच गोष्ट त्यांना नीट कळली होती. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. चाकणच्या कंपनीत त्यांच्याच लाइनवर निघोज्याचे एक गृहस्थ होते. दोघांची शिफ्ट एक, डब्यातली भाजी अर्धी अर्धी. मी त्यांना काका म्हणायची.

"भाऊ, पोरीला तुमच्या आईंशी बोलायचंय. जुनं काही विचारायचंय," पप्पा म्हणाले.

पलीकडून काका हसल्याचं मलाही ऐकू आलं. "इचारा की राव. म्हातारी दिवसभर बोलतच असती."

रविवारी आम्ही स्कूटरवर निघालो. मोशीच्या पुढे कंटेनरांची रांग होती, तिच्या कडेकडेनं पप्पा गाडी काढत होते. काकांचं घर गावाच्या टोकाला. पुढे पत्र्याची पडवी, आत दोन खोल्या, आणि मागच्या अंगाला एका कंपनीच्या कंपाउंडची उंच भिंत. भिंतीपलीकडून सतत घरघर यायची. ती इतकी एकसारखी होती की थोड्या वेळानं ऐकू येईनाशी व्हायची.

आजी पडवीतल्या खाटेवर बसली होती. वय ऐंशीच्या पुढचं, अंग वाळलेलं, पण आवाज खणखणीत. दाराला लागून एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. रेकॉर्डर आजीच्या जवळ ठेवायला ती जागा बरी वाटली म्हणून मी तिथं बसले. आजीनं माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. काहीतरी म्हणणार होती, पण म्हणाली नाही. काका आणि पप्पा चहा घेऊन फाट्यावर कुणाला तरी भेटायला निघून गेले आणि पडवीत आम्ही दोघीच उरलो.

आजी छान बोलली. खळं कुठं होतं, बाजरी कशी मळायची, जमिनी घ्यायला साहेब लोक पहिल्यांदा आले तेव्हा गावातल्या बायकांनी त्यांना पिठलं-भाकरी कशी खाऊ घातली. मधूनमधून ती दाराकडे वळून काहीबाही बोलायची. "आरं बस की," म्हणायची, किंवा "व्हय व्हय." मला वाटलं, शेजारचं पोर डोकावत असेल, मांजर असेल. म्हाताऱ्या माणसांचं लक्ष असतं चारी बाजूंना. मी माझ्या प्रश्नांच्या नादात होते. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

लिहून काढायचं काम दुसऱ्या आठवड्यात सुरू केलं. विभागाच्या वाचनकक्षात खिडकीपाशी बसायचं, कानाला हेडफोन लावायचे, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. मॅडमचा नियम कडक होता. बोलणारा खोकला तर खोकला लिहायचा, थांबला तर थांबला म्हणून लिहायचं. आपल्या मनानं काही सुधारायचं नाही, काही गाळायचं नाही.

विहिरीचा भाग आला. आजी सांगत होती की चिंचेच्या झाडाखाली मोठी विहीर होती, तिथून सगळ्या वाडीला पाणी. मग ती थांबली. थांबली म्हणजे दम घ्यायला थांबली असं नव्हे. कुणाचं तरी ऐकून घेताना माणूस थांबतं तशी. आणि मग म्हणाली, "व्हय, तू म्हन्तोस ते खरं. चिंचंखालची न्हवं. बाभळीपशीची." आणि तिथून पुढची सगळी हकिगत तिनं बाभळीपाशीच्या विहिरीची सांगितली.

मी तो तुकडा पुन्हा ऐकला. मधल्या जागेत फक्त कंपनीची घरघर होती.

मग मी मागे जाऊन सगळंच नव्यानं ऐकायला बसले. असे थांबे बरेच होते. आजी सांगता सांगता थांबायची, ऐकायची, उत्तर द्यायची. "तिला यायला उशीर हाय आज. वव्हरटाईम लागलाय." पुन्हा थांबा. "आसंल घरात, बघते." मी आपली लिहीत होते. मग एका थांब्यानंतर आजी म्हणाली, "ही व्हय? पुन्याची. थोरल्याच्या दोस्ताची लेक. लिव्हून घ्याया आलीया."

माझा हात थांबला.

त्या पडवीत कुणीतरी माझ्याबद्दल विचारलं होतं. मी तिथंच बसले होते आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. त्याच्या पुढे आणखी एक थांबा, आणि मग आजी हलक्या आवाजात, समजूत घातल्यासारखी म्हणाली, "आसू दे. बसू दे तिला. पाव्हनी हाय."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बाहेर चांगलं ऊन होतं, समोरच्या टेबलावर दोन मुली कुजबुजत नेट-सेटचे पेपर सोडवत होत्या. तरी मला पाठ उघडी पडल्यासारखं वाटलं. मी उठले आणि खुर्ची फिरवून पाठ भिंतीला लावून बसले.

मॅडमना मी सगळं सांगितलं नाही. आवाजात घरघर फार आहे, एवढंच म्हणाले. त्यांनी एक सॉफ्टवेअर दाखवलं. नुसत्या घरघरीचा एक तुकडा निवडून द्यायचा, मग ते सगळ्या रेकॉर्डिंगमधून तेवढीच घरघर उचलून बाजूला काढतं. मी तसं केलं. आजीचा आवाज घासलेल्या भांड्यासारखा लख्ख झाला. पण ती थांबायची तिथं आता काहीच उरलं नाही. आधी त्या जागांमध्ये निदान कंपनी चालू होती. आता नुसती पोकळी होती, आणि पोकळीच्या त्या टोकाला आजी उत्तर देत होती. 'बसू दे तिला'च्या आधीच्या पोकळीत मात्र एक बारीक आवाज राहिला होता, प्लास्टिक कुरकुरल्याचा. खुर्चीत मी होते. मीच हलले असणार. मी मूळ रेकॉर्डिंग पुन्हा जागेवर ठेवलं आणि स्वच्छ केलेली प्रत पुसून टाकली.

आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. मेलेलं माणूस कुठं येत नाही, कुणाच्या अंगात काही शिरत नाही, दुकानाच्या दाराला लिंबू लटकलेलं दिसलं तर त्याचं सरबत करून प्यावं, हे पप्पांनी आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. विहारात लहान मुलांचे वर्ग घ्यायचे तेव्हाही ते हेच सांगायचे. म्हणून मी त्यांनाच ऐकवायचं ठरवलं. त्यांनी हसून मला उडवून लावावं, असं मला वाटत होतं.

संध्याकाळी पुढच्या खोलीत बसून पप्पांनी हेडफोन लावले. ऐकताना ते हसले नाहीत. संपल्यावर हेडफोन काढून त्यांची वायर नीट गुंडाळत राहिले.

"धाकट्याशी बोलतेय," ते म्हणाले.

"कोण धाकटा?"

"तुझ्या काकांचा धाकटा भाऊ. होता. बारक्या वर्कशॉपमध्ये होता, कंपन्यांना पार्ट करून देणाऱ्या. शिफ्ट सुटल्यावर मोटरसायकलवर घरी येत होता, वळणावर कंटेनरनं घेतला. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. बायको अजून तिथंच असते, त्या घरात."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू जमिनीचं विचारायला चालली होतीस. त्यात हे कुठं आलं?" त्यांनी गुंडाळलेले हेडफोन बाजूला ठेवले. मग म्हणाले, "म्हातारीला वाटतं, एवढंच. मनाचे खेळ असतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही."

मी मान हलवली. खालून रेल्वे गेली, खिडकीची तावदानं थरथरली. गाडीचा आवाज संपल्यावर पप्पांनी विचारलं, "तू कुठं बसली होतीस? दारापाशी खुर्ची असते, तिच्यात?"

"हो."

"तिथं बसून बूट काढायचा तो. घरात चिखल नको म्हणून."

असं म्हणून ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पुढच्या रविवारी मी निघोज्याला निघाले तेव्हा त्यांचा गुडघा दुखत होता.

मी बसनं गेले. आजीची परवानगी घ्यायची होती, लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं होतं. काका घरी होते. मी त्या बोलण्याचा विषय काढला तसा त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मला पडवीच्या कडेला नेलं.

"ते गाळून टाक पोरी. भास होत्यात तिला. उद्या कुणी वाचलं तर लोक हसतील. इहिरीचं, जमिनीचं ठेव, ते खरं हाय."

"पण काका, विहिरीचं तर..." मी म्हणाले आणि थांबले. विहिरीचं खरं काय ते त्या दुसऱ्याच बोलण्यातून आलं होतं, हे त्यांना कसं सांगायचं? "विहीर नक्की कुठं होती?" मी विचारलं.

"बाभळीपशी. चिंचंखाली बारकी व्हती, ती आधीच बुजली." एवढं सांगून ते कामाला निघून गेले.

या खेपेला मी खाली सतरंजीवर बसले. लाल खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. आजीच्या कानाला हेडफोन लावून दिले. स्वतःचा आवाज ऐकून तिला आधी गंमत वाटली. "ही कोन म्हातारी वं? लई बोलती." मग ती लक्ष देऊन ऐकू लागली. विहिरीच्या जागी आल्यावर तिनं भुवया वर केल्या. हेडफोन एका कानावरून सरकवला आणि मला म्हणाली, "आनि ह्यो का बोलंना?"

तिला कळलं तर काय होईल, याचीच मला भीती वाटत होती. इतके दिवस जे ती ऐकत होती, ते यंत्रात नव्हतं. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा पुन्हा कधी त्याच्याशी बोलणार नाही.

आजीनं रेकॉर्डर हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि मला परत दिला.

"तुज्या मशिनीला त्याचा आवाज येत न्हाई," ती म्हणाली. मशीन जुनं असावं, अशा सुरात. "लिव्हून घे. मी सांगते काय म्हनला ते."

मग मी एक एक थांबा लावत गेले आणि आजी सांगत गेली. आठवायला तिला वेळ लागत नव्हता.

"हितं म्हनला, आई, ती इहीर न्हवं, बाभळीपशीची."

मी लिहिलं.

"हितं म्हनला, ती जेवून गेली का सकाळी."

लिहिलं.

"हितं म्हनला, ही कोन?"

तेही लिहिलं. पुढचा थांबा लावायला माझा हात होईना. आजी वाट बघत होती. शेवटी लावला. तिच्या कानात ते 'आसू दे, बसू दे तिला' वाजून गेलं असणार.

"इथं काय म्हणाले ते?" मी विचारलं. मी न बघितलेल्या माणसाला आदरार्थी बोलत होते, हे बोलून गेल्यावर लक्षात आलं.

"म्हनला, मी कुटं बसू."

तेवढ्यात पडवीच्या पायरीवर कुणीतरी चपला काढल्या. कंपनीचा निळा शर्ट सलवारीवर घातलेली, गळ्यात ओळखपत्राची दोरी, खांद्याला डब्याची पिशवी. तिशीची असेल. धाकट्याची बायको. पहिली शिफ्ट करून आली होती. तिनं शेवटचं ऐकलं होतं, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"काय लिहून घेताय, मॅडम?"

मी सांगितलं. जमेल तसं सांगितलं. ती सासूकडे वळली. सासूला ती आत्या म्हणायची.

"ते एवढं बोलायचे नाहीत. आत्या, तुमच्याशी तर नाहीच. घरी आले की बूट काढायचे आणि मोबाईल बघत बसायचे. तुम्ही धा वेळा विचारायच्या, तेव्हा एकदा हं म्हणायचे."

आजी शांतच होती. "जित्ता व्हता तवा शिफ्ट व्हती त्याला," ती म्हणाली. "आता येळ हाय."

ती पिशवी उतरवत आत गेली. भांडं ठेवल्याचा, नळ सोडल्याचा आवाज आला. मी वही मिटावी की काय, अशा विचारात होते. मग आतूनच तिचा आवाज आला, जरा चिरका.

"आणि आई नाही म्हणायचे. म्हातारे म्हणायचे. लिहायचंच असेल तर ते तरी नीट लिहा."

आजी हसली. तोंडावर पदर धरून पोरीसारखी हसली. "व्हय गं. म्हातारेच म्हनायचा. मेला."

आणि त्या शब्दापाशी गप्प झाली. रोजचा शब्द, कुठल्याही आईच्या तोंडात असणारा. पदर तोंडावर तसाच राहिला. आतलं पाणी बंद झालं. भिंतीपलीकडची घरघर मला पहिल्यांदाच फार मोठी वाटली. मी खाली मान घालून 'आई' खोडलं आणि 'म्हातारे' लिहिलं.

निघताना ती मला स्टॉपपर्यंत सोडायला आली. मी आता तिला वहिनी म्हणू लागले होते. रस्त्याच्या एका बाजूला गोदामांची पत्र्याची शेडं, दुसऱ्या बाजूला अजून विकला न गेलेला ज्वारीचा तुकडा.

"आत्यांशी येऊन बोलतात," ती म्हणाली. "विहिरीचं बोलतात, तुमच्याबद्दल विचारतात, मी जेवले का विचारतात. मी तिथंच असते की. मला नाही विचारत."

मागून कंटेनर आला तशा आम्ही कडेला झालो.

"माझ्यावर रागावले असतील का? त्या दिवशी सकाळी माझी आणि त्यांची धुसफुस झाली होती. काही मोठं नव्हतं. डब्यावरून."

तसं काही नसतं वहिनी, हे शब्द अगदी तोंडाशी आले होते. घरी तेच शिकले होते, आणि मला तेच खरं वाटत होतं. पण असं काही नसतं म्हणावं तर आजीचं सगळं खोटं ठरत होतं, आणि असतं म्हणावं तर हिच्याकडे तो येत नाही हेही खरं ठरत होतं. मी म्हणाले, "जेवलीस का ते विचारलं ना. रागावलेला माणूस असं विचारतो का?"

तिनं त्याचा थोडा विचार केला. मग म्हणाली, "तुम्ही खुर्चीत बसला होतात. तुम्हाला काही वाटलं?"

"नाही."

"मलाही नाही वाटत. मी रोज बसून बघते."

बस आली. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ती वळून घराकडे निघाली होती, ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत.

नोंद करायची वेळ आली तेव्हा मी अडले. प्रत्येक मुलाखतीची एक नोंद असते. बोलणारं कोण, विचारणारं कोण, स्थळ कुठलं, विषय काय. आणि एक रकाना 'सहभाग' म्हणून, मुलाखतीत आणखी कुणी भर घातली असेल तर त्याचं नाव लिहायला. माझ्या डोक्यात तो रकाना बसला होता. विहिरीची चूक कुणी दुरुस्त केली? आजीनं स्वतःच, असं कुणीही म्हणेल. पण आजी तसं म्हणत नव्हती.

शेवटी सगळे कागद मॅडमपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले. पानं उलटून पुन्हा वाचले. मला वाटलं, रागावतील.

"तो आला होता की नाही, हे ठरवायला आपल्याला कुणी सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या बाईंनी काय सांगितलं, केव्हा सांगितलं, एवढं लिहायचं. मूळ आवाज जसाच्या तसा ठेव. लिहिलेल्या प्रतीत थांबे ठेव. उत्तरं वेगळ्या पानावर, आजींनी नंतर सांगितल्याप्रमाणे, असं लिहून. आणि घरच्यांनी नको म्हटलं तर ते पान बाहेर द्यायचं नाही."

"आणि सहभागाचा रकाना?"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "तुला काय वाटतं?"

मी त्याचं नाव लिहिलं. पुढे कंसात लिहिलं, 'मुलाखत देणाऱ्यांच्या सांगण्यानुसार.'

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक सर आले होते. बाकीच्यांची वर्तुळं भराभर उलटली, माझ्या त्या नोंदीपाशी त्यांचं बोट थांबलं.

"ही तिसरी व्यक्ती मुलाखतीच्या वेळी हजर होती?"

"मुलाखत देणाऱ्या आजींच्या म्हणण्याप्रमाणे, हो सर."

"आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे?"

"मला त्यांचा आवाज आला नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी पुढचं काही सांगेन, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी ध्वनिफिती कुठल्या स्वरूपात साठवल्या ते विचारलं, मी सांगितलं आणि मी सुटले. बाहेर आले. मैत्रिणी विचारत होत्या, काय विचारलं, काय विचारलं. मी म्हणाले, नेहमीचंच.

पास झाले. मोशीच्या पुढे एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली. आमचे प्रकल्प विभागाच्या सर्व्हरवर चढणार होते ते काही चढले नाहीत. माझी सीडी मॅडमच्या कपाटात राहिली.

वर्षभरात आजी गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. तेराव्याला पप्पा माझ्याबरोबर आले. ते पडवीत माणसांत बसले, काकांच्या खांद्यावर हात ठेवून. खुर्च्या भाड्यानं आणलेल्या होत्या, सगळ्या एकसारख्या पांढऱ्या. लाल खुर्ची कुठं दिसली नाही आणि मी विचारलं नाही.

वहिनी स्वयंपाकघरात होती. मला बघितल्यावर हात पुसत मागच्या दाराशी घेऊन गेली. कंपनीची भिंत तिथून हाताच्या अंतरावर.

"ते रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे? मला मोबाईलवर पाठवा."

"लिहिलेलंही देऊ का? उत्तरांचं पान?"

"ते नको. आवाज द्या. आत्या बोलतात तेवढाच."

मी तिथंच उभ्या उभ्या पाठवलं. गेलं की नाही ते तिनं दोनदा पाहिलं.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. तिनं निघोजे सोडलं होतं. काका चांगले होते, जाऊ नको म्हणाले होते, पण तिला जायचंच होतं. चऱ्होलीला नव्या सोसायट्यांच्या मागे एक खोली भाड्यानं घेतली होती, आळंदी रस्त्याकडच्या एका पॅकिंगच्या कंपनीत काम मिळालं होतं. मी रविवारी तिच्याकडे गेले. खोली लहानशी, पण उजेडाची. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "भाजी निवडताना लावते ते. मोबाईल शेजारी ठेवते. आत्या खळ्याचं सांगतात, साहेबांना पिठलं घातलं ते सांगतात."

"बरं वाटतं?"

"मधे मधे गप्प होतात ना त्या," ती म्हणाली. "त्या वेळी मी बोलते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती गॅसकडे बघत होती.

"आधी नुसती ऐकायची. मग एकदा त्या म्हणाल्या, तिला यायला उशीर हाय आज. मी म्हटलं, आले की हो आत्या. आणि मला रडूच फुटलं. तेव्हापासून बोलते. कुणाला सांगू नका, येडी म्हणतील." चहा उतू जायला लागला तशी तिनं झटकन गॅस बारीक केला. "ते कधी ऐकू आले नाहीत मला. आत्या येतात ऐकू. तेवढं पुरे आहे."

मी पप्पांना हे सांगितलं. ते पूर्वीसारखं काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "एकटी राहते ना ती? अधनंमधनं जात जा."

मी जात असते. ती आता त्या कंपनीत लाइन लीडर आहे. नवीन आलेल्या मुलींना दम देते, सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर नदीकाठी फिरायला जाते. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन कपडे भिजवलेल्या बादलीत पडला आणि बंद झाला. त्यातलं सगळं गेलं. मी म्हटलं, माझ्याकडे आहे, परत पाठवते. ती नवा फोन हातात घेऊन त्याच्यावर काच बसवत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "लागलं तर मागते."

अजून मागितलेलं नाही. फाइल माझ्याकडे आहे. ग्रंथालयातल्या कपाटात एक प्रत, घरी एक. लॅपटॉप बदलला की सगळ्यात आधी ती नव्यात घेते, चालतेय का ते बघायला पहिली दोन-तीन वाक्यं ऐकते, आणि पहिला थांबा यायच्या आत बंद करते.